पुढच्या अ‍ॅक्सलचं वेल्डिंग

बाबा, गेल्या शनिवारी ब्रॅकनेलला जाऊन तुमची रेसची गाडी पाहून आले. तुमच्याकडून ती विकत घेणारे गृहस्थ आता रिटायर झालेत. इतकी वर्षं शेडमध्ये पडलेली गाडी त्यांनी पुन्हा उभी करायला घेतलीय आणि जुने फोटो मिळतात का म्हणून मला शोधून काढलं. फोटो कुठले असणार? अपघातानंतर तुम्ही एकही ठेवला नाहीत.

लंडनजवळ पिनरच्या घरी, आपल्या गॅरेजमध्ये दोन हिवाळे ती गाडी घडत होती. जुन्या चिमुकल्या गाडीची नुसती बॉडी, खाली आपण जोडलेली नळ्यांची फ्रेम, मोठं इंजिन मुद्दाम मागे सरकवलेलं, म्हणजे शर्यत सुटताना वजन मागच्या चाकांवर पडावं. ड्रायव्हर तर पार मागच्या अ‍ॅक्सलवरच बसायचा. "ऑल्टर्ड म्हणतात हिला, म्हणजे पार बदलून टाकलेली. सरळ पळायला बनवायची, आणि ती सरळ सोडून सगळीकडे पळते," तुम्ही हसता. मी सतरा वर्षांची आहे, डोळ्यांवर तुमचा वेल्डिंगचा मोठा मास्क आहे. "घाई नको. लोखंड वितळलेलं दिसलं की मगच पुढे." पुढच्या अ‍ॅक्सलचे ब्रॅकेट मी एकटीनं वेल्ड केले. तुम्ही त्यावरून अंगठा फिरवलात आणि आईला किचनमधून हाक मारून दाखवलंत. कणकेच्या हातांनी ती आली, म्हणाली, "छान आहे. आता जेवायला या दोघं."

पहिल्याच रेसला स्टीअरिंग गेलं, गाडी बॅरिअरवर आदळली. तुमचं मनगट मोडलं. पुढच्या रविवारी तुमचे मित्र भेटायला आले, तेव्हा चहा देत मी समोर उभी असताना तुम्ही म्हणालात, "हिचा वेल्ड सुटला. पोरीच्या हाती वेल्डिंगची टॉर्च दिली, माझंच चुकलं." आई म्हणाली, "अहो, सगळ्यांसमोर काय?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "गॅरेजमध्ये पुन्हा पाऊल टाकायचं नाही." मी टाकलं नाही. वर्कशॉपमधली अप्रेंटिसशिप हातात आली होती, तीही सोडली. लीड्सला फार्मसी केली, अजून तिथल्याच हॉस्पिटलमध्ये आहे. तुमच्या शेवटच्या दिवसापर्यंत आपण नुसते हवापाण्यावर बोलत राहिलो.

शनिवारी त्या गृहस्थांनी रंग खरवडलेली फ्रेम दाखवली. माझे ब्रॅकेट जसेच्या तसे. मी बोट लावलं, कुठे तडासुद्धा नाही. "मग तुटलं काय होतं?" मी विचारलं. त्यांनी स्टीअरिंगचा दांडा आणला, दोन तुकडे. इंजिनला घासत होता म्हणून तुम्ही तो तापवून वाकवलात आणि लगेच पाण्याच्या बादलीत बुडवलात. त्यानं तो ठिसूळ झाला. हे त्यांना तुम्हीच सांगितलंत, गाडी विकताना. "म्हणाले, एवढाच नवीन कर, हे माझं पाप आहे. पुढच्या अ‍ॅक्सलच्या वेल्डिंगला हात लावू नकोस, ते माझ्या मुलीचं आहे."

परक्या माणसाला सांगितलंत, बाबा. तेही त्याची गाडी सुखरूप चालावी म्हणून. मी तर तेव्हा वरच्याच खोलीत अभ्यास करत होते. तेरा पायऱ्या चढून यायचं होतं फक्त.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. फक्त एक राहिलं. ते गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "तुम्हाला तर त्यांनी सांगितलंच असेल." आणि मी म्हटलं, "हो, सांगितलं होतं."