सायंकाळी सहा ते नऊ

ती. भावोजींना,

चष्मा खिशात ठेवून, कमरेतून पुरतं वाकून केलेला नमस्कार पोचावा. (चष्मा घालून वाकलो की तो पडतो, हे तुम्ही तुमच्या लग्नातच पाहिलं आहे.) इकडे आम्ही तिघंही ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? ताई लिहिते की जिना चढताना तो कटकट वाजतो आणि तेवढ्यावरून वर्गातली मुलं तुम्ही आल्याचं ओळखून जागेवर बसतात. तेव्हा त्यावर फार औषधपाणी करू नये असं माझं मत आहे.

तुमचं पत्र येऊन पाच आठवडे झाले. बदली होऊन या शहरात यायचं तर घर कुठल्या वस्तीत घ्यावं, याविषयी तुम्ही समास आखून सतरा प्रश्न पाठवलेत. भूगोलाच्या मास्तरांना शोभेल असं पत्र. पाणी किती वेळ येतं, शाळा किती लांब, ऊन कुठल्या खिडकीतून येतं, या पहिल्या आठ प्रश्नांची उत्तरं मी त्याच दिवशी लिहून ठेवली. नवव्यापाशी गाडी अडली. आमची गल्ली गावासारखी आहे, माणसं मायेची आहेत असं मी नेहमी सांगतो, तर मुलं वाढवायला ती कशी आहे, असं तुम्ही विचारलंत. याचं उत्तर एका ओळीत बसेना. म्हणून आज सुटी काढून सगळंच सांगायला बसलो आहे.

आम्ही आधी अकराव्या मजल्यावर राहायचो. मुलगी चार वर्षांची असताना शाळेत तिला 'आमच्या घरातली माणसं' असं चित्र काढायला सांगितलं, तर तिने आई, बाबा आणि लिफ्ट काढली. तिघांत हसत फक्त लिफ्ट होती. ते चित्र पाहून तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, आपण इथून निघायचं. मग दर रविवारी घरं पाहणं सुरू झालं. मी भिंतींची ओल पाहायचो. हिची परीक्षा वेगळी होती. प्रत्येक वस्तीत शिरताना ही एखाद्या अनोळखी माणसाला पत्ता विचारायची. कुणी हाताने दिशा दाखवायचं, कुणी मान हलवून पुढे जायचं. या गल्लीत एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, तर ते हातातली कात्री तशीच घेऊन आमच्याबरोबर निघाले. वाटेत बेकरीवालीही सामील झाली, तिने मुलीला कडेवर घेतलं, आणि दारापर्यंत पोचेतो आम्हाला एकच मूल का, इथपर्यंत चौकशी झाली होती. मला घाम फुटला. ही मात्र माझ्या कानाशी लागून म्हणाली, "हेच घर."

कात्रीवाले गृहस्थ म्हणजे आमचे शेजारी, शिंपीकाका. भिंतीला भिंत लागून घर, पुढच्या खोलीत मशीन, आणि मशीनपाशी ते आणि शिंपीणकाकू असे दोघंच. पहिलं वर्ष कसं गेलं ते काय सांगू. मुलगी शाळेतून आली की दप्तर आमच्याकडे, बूट बेकरीवालीकडे आणि स्वतः शिंपीकाकांच्या कापडाच्या ढिगावर, अशी तीन घरांत वाटलेली असायची. एकदा ती हरवली म्हणून मी गल्लीभर धावलो. ती कुठे आहे हे माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. तिचे फ्रॉक आखूड झाल्याचं आमच्याआधी काकांना कळायचं. न सांगता ते दुमड सोडून द्यायचे आणि वर आम्हालाच बोलायचे की पोर वाढते आहे, जरा लक्ष देत जा.

आता माझी बाजूही ऐका. (आहे थोडीशी.) माझं काम तुम्हाला माहीत आहे. कानाची मशीनं विकायची आणि बसवायची. सकाळी दहापासून मी एका बंद काचेच्या खोलीसमोर बसून आतल्या माणसाला विचारत असतो, आता ऐकू आलं का? आणि आता? लोक मशीन घ्यायला येतात आणि कान उत्तम असल्याचं भांडून सांगतात. दिवसभर ओरडून घसा आणि डोकं दोन्ही कामातून जातात. घरी येऊन तासभर कुणी काही बोलू नये, एवढीच माझी इच्छा. आणि नेमके साडेसहाला शिंपीकाका यायचे. दार वाजवायची पद्धत गल्लीत नव्हतीच. भिंतीलगतच्या खुर्चीत बसायचे आणि मोठ्या आवाजात बोलत राहायचे. कापड, पाऊस, बटणं, पुन्हा कापड. मी हं, हं करायचो. त्यांच्यामागून कुणी साखर मागायला, कुणी साखर परत द्यायला, कुणी नुसतंच. एका संध्याकाळी मी टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून बाहेर आलो, तर बैठकीत चार माणसं आमच्या पडद्यांचा रंग चुकला आहे का यावर बोलत होती. माझ्याकडे पाहून त्यांनी माझंही मत विचारलं.

त्याच आठवड्यात मी ती पाटी लावली. ऑफिसातून टाइप करून आणली. 'कृपया बेल वाजवल्याशिवाय आत येऊ नये. सायंकाळी सहा ते नऊ या वेळेत भेट मिळणार नाही.' खाली सवयीने दुकानाचा शिक्काही मारला गेला. हिने ती वाचली आणि तुला कळत नाही तू काय करतोयस, एवढंच बोलून आत गेली. मुलीने विचारलं, "बाबा, आपण आजारी आहोत का?"

मला वाटलं होतं, दोन दिवस चेष्टा होईल, मग जो तो आपल्याला हवं ते करील. पण भावोजी, या लोकांनी ती पाटी पाळली. बेकरीवाली वाचताना डोक्यावरचा रुमाल सारखा करत होती, जणू सरकारी कागद आहे. शिंपीकाका त्या दिवशी साडेसहाला बाहेर निघाले, पाटीसमोर थांबले, वाचली, आणि आपल्या दारात परत गेले. मी खिडकीतून पाहिलं. उठून दार उघडायला चार पावलं लागली असती. मी पेपर वाचत बसलो. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी फार सुखात होतो.

मग शाळेला सुटी लागली आणि ही मुलीला घेऊन माहेरी गेली. एका मंगळवारी मी कामावरून आलो तर शेजारच्या दारात चपलाबुटांची गर्दी. आत माणसं बसलेली, हळू आवाजात बोलणं चाललेलं. मला वाटलं, आता माझ्याऐवजी तिकडे जमतात वाटतं. जरा बरंही वाटलं. कुजबुज ऐकू येत होती म्हणून मी खिडकी लावून घेतली.

शुक्रवारी मी विजार आणायला गेलो. आखूड करायला दिली होती. काकू मशीनपाशी बसल्या होत्या, मशीन झाकलेलं होतं. त्यांनी विजार काढून दिली, घडी घालून, इस्त्री केलेली. मी विचारलं, काका कुठे गेले? त्या म्हणाल्या, "ते गेले. मंगळवारी."

मला समजायला वेळ लागला. मी म्हणालो, मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. भावोजी, त्या बाईच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी सुटलो असतो. त्या म्हणाल्या, "सवासहाला गेले ना. सगळे म्हणत होते तुम्ही आलात की बोलवू. मीच म्हटलं, ती त्यांची वेळ नाही, नका त्रास देऊ."

मी तिथेच ढिगावर बसलो. मग त्या आणखी एक बोलल्या, तेही सहज. काका रोज माझ्याकडे यायचे ते कानासाठी. वर्षभरापासून ऐकू कमी येत होतं, पण विचारायची लाज वाटायची. आज विचारतो म्हणून निघायचे आणि कापडाबद्दल बोलून परत यायचे. तेव्हा मला आठवलं, एकदा ते म्हणाले होते, "तुझ्याकडे मशीन घालून घेतात त्यांना लाज वाटते का रे?" मी दमलो होतो. उद्या बोलू म्हणालो. दुकानात कुणी मोठ्याने बोलत शिरलं की मी पाठ न वळवता ओळखतो, याला ऐकू येत नाही. माझ्या खुर्चीत रोज बसणाऱ्या माणसाला मात्र मी वर्षभर आवाजच मोठा आहे म्हणत राहिलो.

ही परत आली, तिला सगळं कळलं, तिने पाटी काढून फाडली. मी आता संध्याकाळी दार सताड उघडं ठेवतो. मांजर येतं. गेल्या रविवारी मी गल्लीतल्या सगळ्यांचे कान फुकट तपासायचं जाहीर केलं. नऊ माणसं आली, आज्ञाधारकपणे बसली, बटणं दाबली. नऊही जणांना उत्तम ऐकू येतं. आभार मानून निघून गेली.

तर नवव्या प्रश्नाचं उत्तर असं, की गल्ली मुलांसाठी फार चांगली आहे, पण मुलांबरोबर आईबापही राहायला येतात आणि तिथे घोटाळा होतो. माझा सल्ला विचाराल तर तुम्ही एखाद्या उंच इमारतीत घर घ्या. तिथे निदान कुणाचं काही बिघडवता येत नाही. बाकीच्या सोळा प्रश्नांची उत्तरं सोबत जोडली आहेत. ताईला आणि भाच्यांना आशीर्वाद.

तुमचा, 
धाकटा मेहुणा

ता. क. : शिंपीणकाकू महिनाअखेरीस मुलीकडे राहायला जाणार आहेत. घर बेकरीवालीच्या मालकीचं. तिने हिला विचारलं की तुमच्या नात्यात मुलंबाळं असलेलं कुणी असेल तर कळवा, मात्र यांच्यासारखं नको. मी पुढे होऊन सांगितलं की माझे भावोजी आहेत, पण रक्ताचं नातं काही नाही. तिचं बऱ्यापैकी समाधान झालं.

ता. ता. क. : तेव्हा वरचा उंच इमारतीचा सल्ला खोडला असं समजावं. कागद वाया जाऊ नये म्हणून प्रत्यक्ष खोडला नाही. ताईला विचारायची गरज नाही. तिला मी मागच्याच आठवड्यात कळवलं, आणि तिच्या उत्तरावरून तुमची पुस्तकं खोक्यात गेली आहेत असं दिसतं.

आणखी एक, हेच खरं महत्त्वाचं. गल्लीत पूर्वी मला सगळे अरे-तुरे करायचे. आता लहानथोर 'अहो साहेब' म्हणतात. तुम्ही वयाने मोठे आहात, तुम्हाला शोभेल. आलात की रोज संध्याकाळी आपल्या दारात उभे राहून मला 'अरे ए, इकडे ये' अशी हाक मारत जा. जरा मोठ्याने मारा. सगळ्यांना ऐकू येतं, मी तपासलं आहे.