भिंतीवरची पापलेटं

रत्नागिरी,
२० जानेवारी १९५६

ती. अक्का हिला धाकट्या गंगेचा वाकून नमस्कार. आम्ही सगळी इकडे खुशाल आहोत. भावोजींचा खोकला रानातल्या मधाने पळाला हे वाचून जिवात जीव आला. तुझ्या गुडघ्याचं तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे दुखतच असणार. तिळगूळ घे, गोड बोल, आणि हे पत्र सगळ्या सावर्ड्याला मोठ्याने वाचून दाखव, कारण तुझ्या बहिणीचा पहिला नंबर आला आहे!

आमच्या महिला मंडळाचं दरवर्षी छोट्या गोधड्यांचं प्रदर्शन असतं. गोधडी हातभर लांब, पांघरायची नव्हे, भिंतीवर टांगायची. (सासूबाई म्हणाल्या, "भिंतीला थंडी वाजते काय गो?") गेल्या वर्षी विषय 'आमराई' होता. माझी गोधडी खिळ्यावरून दारात पडली आणि आत येणाऱ्या बायकांनी तिला खुशाल पाय पुसले. अध्यक्ष दमयंतीबाईंनी तर चपला काढून पुसले. ते ऐकल्यापासून सासूबाईंनी बजावलं होतं, की यंदा नंबर आला नाही तर चिंध्यांची पेटी बंबात जाईल. (त्या बोलून थांबणाऱ्यातल्या नाहीत. यांचा बुद्धिबळाचा पट गेल्या शिमग्यात पाणी तापवायलाच गेला.) आणि अक्का, त्या पेटीत आईचं निळं लुगडं आहे. मला झोप लागेना.

यंदाचा विषय 'समुद्र'. मग मी मनाचा हिय्या केला आणि त्या लुगड्यालाच कात्री लावली. लावताना रडले, खोटं कशाला सांगू. धुऊन धुऊन त्याचा रंग असा झालाय की भाट्याच्या खाडीचं पाणीच. त्यावर यांच्या जुन्या धोतराची पापलेटं, बारीक धावदोरा, आणि डोळ्यांना यांच्या कोटाची काळी बटणं. (हे अजून कोट हाताने धरून कचेरीत जातात.) आदल्या दिवशी गोधडी धुऊन पेजेची खळ दिली, तर दोरीवर जागा नाही. शेवटी दारापुढच्या खळ्यात सासूबाईंचं वाळवण होतं, त्याच्याच चटईवर एका कडेला पसरली.

प्रदर्शनाला मुंबईहून चित्रकार बाई परीक्षक म्हणून आल्या होत्या. दमयंतीबाईंची सॅटिनची गोधडी मधोमध, वर जरीची लाट. माझी कोपऱ्यात, खाली, माठाशेजारी. परीक्षक बाई जरीपुढे उभ्या राहिल्या ते हलेचनात. माझ्या डोळ्यांपुढे बंब पेटला. तेवढ्यात शिपाई काशीरामची मांजर आत आली. सॅटिनकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. तडक कोपऱ्यात गेली, माझं पापलेट चाटलं आणि त्याचं डोकं तोंडात धरून ओढू लागली! मी किंचाळले. दमयंतीबाई हसल्या. आणि परीक्षक बाई धावत येऊन म्हणाल्या, "मांजरालासुद्धा खरा मासा वाटला! याहून मोठा परीक्षक कोण?" काशीराम म्हणाला, "मांजर काय लबाड बोलत नाय, बाई." झालं. पहिला नंबर, चांदीच्या करंड्यांची जोडी, आणि दमयंतीबाईंच्या हातून.

टाळ्या पडल्या त्या आईच्या लुगड्याला पडल्या गं. तू तिथे हवी होतीस. संध्याकाळी सासूबाई स्वतःचं जुनं हिरवं लुगडं घडी घालून माझ्या पेटीत ठेवून गेल्या. आता आळीत सांगत फिरतात, की आमच्या सुनेच्या हातात कला आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मीही हो म्हणते.

मोठ्यांस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुझी,
पहिल्या नंबरची गंगा

ता. क. हे मात्र मोठ्याने वाचू नकोस. खळ्यातलं ते वाळवण बोंबलांचं होतं. परीक्षक बाईंना पडसं होतं, आणि बाकीच्यांनी वासाचं खापर मागच्या मच्छी बाजारावर फोडलं.

आणखी एक. पुढच्या वर्षीचा विषय 'फुलं' ठरला आहे. भावोजींच्या त्या रानातल्या मधाची एक बाटली येष्टीने पाठव. खायला नको आहे.