सासरेबुवांच्या डोंगरावरचं माझं वळण

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण वाकलं की कमरेत चमक येते (दगड वाहून), तेव्हा बसल्या जागेवरूनच नमस्कार स्वीकारावा. मामींचा खोकला गेला का? दवाखान्यात गर्दी असेलच. हाडांच्या डॉक्टरला काय कमी! इकडे सगळे ठीक. मला झोप लागत नाही आणि अन्न गोड लागत नाही, बाकी मजेत आहे.

माझे सासरे निवृत्त झाल्यापासून मागच्या डोंगरावर सायकलींसाठी वाट बांधतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच (लग्नात त्यांनी तुम्हाला कोपऱ्यात गाठून दुसरं काही सांगितलंच नव्हतं). तेव्हापासून माझे रविवार त्या डोंगराने खाल्ले. झाडांची मुळं न दुखावता माती खणायची, दंताळ्याने ओढायची, ठोकून घट्ट करायची. आणि एवढं सगळं पाण्यासाठी! पाणी वाटेवर साचलं तर चिखल होतो, वाटेबरोबर धावलं तर घळ पडते; म्हणून वाट दरीच्या बाजूला किंचित कलती ठेवायची, म्हणजे पाणी कडेवरून अलगद खाली जातं. हे सांगताना सासरे इतके भारावतात, की पाणी जिथून अलगद जातं तिथून जावई कसा जाईल, हे विचारायचा मला धीर होत नाही.

त्यात वाट बांधणाऱ्या त्यांच्या मंडळाचा नियम असा, की वळण ज्याने बांधलं त्यानेच सगळ्यांच्या आधी त्यावरून सायकलने उतरायचं. (नियम चांगला आहे. त्यामुळे कोणी हयगय करत नाही.) परवा सगळ्यात अवघड वळण पुरं झालं, आणि सासऱ्यांनी चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारून जाहीर केलं, की हे आमच्या जावयाचं काम! मी फक्त दगड वाहिले होते हो. बायकोने टाळ्या वाजवल्या, वर सांगितलं की हा डोळे झाकूनसुद्धा उतरेल. (डोळे झाकूनच उतरणार, एवढं खरं.) मुहूर्त येत्या रविवारचा.

मामा, हसू नका, मला खरंच भीती वाटते. काल तिथे नुसता उभा राहिलो, तोही झाडाला धरून. खाली काटेरी झुडपं, त्यांच्याखाली खडक, आणि खडकाखाली काय आहे ते मी पाहिलं नाही. नाही म्हणावं, तर सासऱ्यांचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. हा माणूस माझ्यावर आजवर कधी खूश झाला नव्हता, आणि पहिल्यांदाच झाला तो असा.

असो. तुमचा आशीर्वाद असावा, दुसरं काही मागणं नाही.

तुमचा भाचा
(तूर्त अखंड)

ता. क. आशीर्वादासोबत गुडघा दुखावल्याचा एक दाखलाही पाठवावा. उजवा की डावा, तुम्ही ठरवा. पण रविवारच्या आत.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी धीर गोळा करायला वळणावर गेलो, तर सासरे सायकल खांद्यावर घेऊन, दरडीला धरत, बसत बसत उतरताना सापडले. आम्ही दोघं बराच वेळ पाण्याच्या निचऱ्याविषयी बोललो. शेवटी मी दाखल्याचं सांगून टाकलं, तर ते पांढरेफटक पडले. मी मागे हटलो की खरे बांधणारे म्हणून पाळी त्यांची, आणि इतकी वर्षं ते प्रत्येक वळण कोणा ना कोणाच्या नावावर करत आलेत! तेव्हा दाखले दोन पाठवा. फक्त त्यांचं दुखणं माझ्यापेक्षा मोठं लिहा. वडीलधारे आहेत.