बंद घराचं मत

अम्मा, तुझ्या नावाने फोन आला होता. दुपारी दोनच्या सुमारास, माझ्या मोबाइलवर. मी दुबईत अल कुसैसच्या शाळेत ट्रान्सपोर्ट ऑफिस बघते. त्या वेळेला सगळ्या बसेस मुलांना सोडायला गेलेल्या असतात, आवारात कुणी नसतं, आणि बाहेर ऊन इतकं पांढरं असतं की समोरची भिंतसुद्धा धड दिसत नाही. मी एकटी स्क्रीनवरचे हिरवे ठिपके बघत बसले होते, एक ठिपका म्हणजे एक बस. नंबर इंग्लंडचा. मला वाटलं माझी लेक असेल, ती तिकडे शिकते, आपल्या जुन्या गावापासून बसने अर्ध्या तासावर. पण आवाज दुसऱ्याच मुलीचा होता. निवडणुकीला तीन आठवडे राहिलेत, मी डाव्या पक्षाकडून बोलतेय, म्हणाली, आणि तिने तुझं नाव घेतलं. पूर्ण, अब्बांच्या नावासकट. तुझ्याशी बोलता येईल का, असं विचारलं.

"शी इज नॉट हिअर," मी म्हटलं. वारली म्हणून सांगायला हवं होतं, पण तोंडातून तेवढंच निघालं. ती मुलगी म्हणाली, "नो प्रॉब्लेम. शनिवारी आमची माणसं घरी जाऊन आली, त्यांना त्या भेटल्या. शी वॉज लव्हली. हाताला पीठ लागलं होतं म्हणून दार कोपराने उघडलं म्हणे. इंग्लिश येत नाही, पण लेक येईल, ती फॉर्म भरेल, असं खुणा करून सांगितलं. म्हणून तुम्हाला कॉल केला." मी थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. दार कोपराने उघडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली आहे.

संध्याकाळी लेकीला विचारलं. ती त्या पक्षासाठी दारोदार फिरते, आणि माझा नि भाईचा नंबर यादीत तिनेच घातला होता. मध्ये तिकडचा नियम बदलला, देश सोडून कितीही वर्षं झाली तरी शेवटच्या पत्त्यावरून मत देता येतं. आम्हा दोघांचा शेवटचा पत्ता एकच, तुझं घर. "मम, इट्स जस्ट ओल्ड डेटा," ती म्हणाली. पक्षाच्या जुन्या नोंदींतून तुझं नाव कुणी काढलंच नव्हतं, आणि घर एक म्हणून मशीनने माझा नंबर तुझ्यापुढे लावला. एवढं मला पटलं. "आणि पीठ?" मी विचारलं. "व्हॉट पीठ?" ती म्हणाली.

त्याच्या दोन जुम्मे आधी भाईचं आणि माझं वाजलं होतं, हे तुला सांगायला हवं. भाईचं आता शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गॅरेज आहे, हाताखाली आठ माणसं. दर जुम्म्याला नमाजनंतर तो माझ्याकडे जेवायला येतो. पक्षाची नवी नेता एक बाई आहे. पूर्वी सरकारी इस्पितळात नर्स होती, अजून बसने फिरते, रेल्वे आणि पाणी सरकारने परत ताब्यात घ्यावं म्हणते, लढाईसाठी एक पै देणार नाही म्हणते. आपल्या गावातून इथे आलेल्या घरांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात तिच्यावरून रोज जुंपायची. अजमानचे एक चाचा तिला फरिश्ता म्हणायचे, तर त्यांचाच जावई लिहायचा की ही बाई पक्ष बुडवणार. दोघे ग्रुप सोडून गेले आणि चार दिवसांनी परत आले. भाई चाचांच्या बाजूचा. मी जावयाच्या. जेवताना मी म्हटलं, ती बोलते ते खरं आहे, पण तिला राज्य चालवता येणार नाही, तिच्यामुळे समोरचे पुन्हा येतील, आणि ते आले की आपल्यासारख्यांनाच आधी विचारतील, तुम्ही मूळचे कुठले. भाई म्हणाला, "म्हणजे जो जिंकणार त्यालाच मत द्यायचं? मग अम्मा चौदा आठवडे बर्फात कशाला उभी राहिली?" तुझं नाव घेतलं की मला बोलता येत नाही हे त्याला माहीत आहे. म्हणून मी त्याला लागेल असंच बोलले. "तुझी आठ माणसं उद्या अशीच उन्हात उभी राहिली तर तू काय करशील?" त्याने हात धुतले. "खलास," म्हणाला, आणि ताटातलं तसंच टाकून गेला. पुढचा जुम्मा मी एकटीच जेवले.

ते संपाचे चौदा आठवडे मला पुरते आठवतात. मी बारा वर्षांची आहे. पडद्यांच्या कारखान्यासमोर तुम्ही बायका उभ्या आहात, सलवारीखाली अब्बांचे जुने लोकरी मोजे, डोक्यावर ओढणी, तिच्यावर टोपी. अब्बांना जाऊन दोन वर्षं झालीत. शाळा सुटली की मी थर्मास घेऊन येते, आणि तू आधी शेजारच्या गोऱ्या बाईला चहा देतेस, मग स्वतः घेतेस. पक्षाचा माणूस भाषण करतो, तुला त्यातलं काही कळत नाही, तरी सगळ्यांच्या आधी टाळी तुझी. घरी आल्यावर तू तांदळाचं पीठ मळायला घेतेस, आणि मी विचारते, अम्मा, तो काय म्हणाला? तू म्हणतेस, "बाय गो, तो काय म्हणाला ते जाऊ दे. तो आला होता ना?" एवढंच तुझं राजकारण. मला तेव्हा ते फार मोठं वाटायचं, आणि पुढे, कॉलेज करून ऑफिसात लागल्यावर, फार लहान वाटायला लागलं.

फोनचं मी भाईला कळवलं. भांडण होतं तरी दुसऱ्या कुणाला सांगणार? तो तासाभरात आला, हाताला ग्रीस तसंच. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कोपराने?" मी मान हलवली. तो सोफ्यावर न बसता खाली बसला, तुझ्या घरी बसायचा तसा. मग हसून म्हणाला, पक्षाची पोरं दार न वाजवताच यादीवर टिक मारतात, आणि विचारलं तर काहीही रचून सांगतात. पण रविवारी त्यानेच माझ्या लेकीला त्या घरी पाठवलं, व्हिडिओ कॉल लावून. आम्ही दोघं डायनिंग टेबलावर फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून बसलो. तिकडे सकाळ होती, पाऊस नव्हता, उजेड चांगला होता. आपली घरांची पूर्ण रांग बंद आहे, अम्मा. सगळ्या खिडक्यांवर पत्रे ठोकलेत, दारांवर कौन्सिलचा कागद. दोन वर्षं झाली, रांग पाडणार आहेत. आपल्या दाराचा रंग मात्र तोच. लेकीने दार वाजवलं. कोणी आलं नाही. मग तिने दारातल्या टपालाच्या फटीत फोन धरला. आम्हाला पॅसेज दिसला, उघडी जमीन, जिना, आणि जिन्याखाली काळोख.

"मामू, कॅन यू हिअर दॅट?" लेकीने हळूच विचारलं. आम्हाला ऐकू येत होतं. थोडा वेळ खडखड, मग थांबणं, मग पुन्हा खडखड. लेक म्हणाली पाइप असतील. भाईने माझा हात धरला होता, हे मला नंतर कळलं. कारखाना बंद पडल्यावर तू घरी काम आणायचीस, आणि विजेच्या मशीनवर असंच शिवायचीस, एक धाव, मग थांबून कापड फिरवणं, मग दुसरी धाव. त्या घराची वीज तोडलेली आहे. भाई फोनजवळ वाकला आणि म्हणाला, "अम्मा?" आवाज थांबला. लेक म्हणाली, "ओके, आय अॅम गोइंग." ती पळाली नाही, पण फोनमधला रस्ता बसस्टॉपपर्यंत हलत राहिला. भाईने तोंड पुसलं. "अम्माला वाटतं आपण त्या बाईला मत द्यावं," म्हणाला. "तिने मरेपर्यंत त्याच पक्षाला दिलं. एकदासुद्धा चुकवलं नाही."

ते खरं नव्हतं, आणि ते मला एकटीलाच माहीत आहे असं मी बावीस वर्षं समजत होते. तुझं शेवटचं मत आपल्या मागच्या रस्त्यावरच्या प्राथमिक शाळेत पडलं. तुला छातीचा त्रास सुरू झाला होता, भाई आधीच इकडे शारजाला आला होता. सकाळी तू मला बोलली होतीस. मी माझ्या साहेबांचं काहीतरी कौतुक सांगत होते, तर तू म्हणालीस, "ऑफिसात खुर्ची मिळाली म्हणून उभं राहणाऱ्यांना विसरू नको." मला ते फार झोंबलं. शाळेत टेबलामागच्या बाईंनी माझी सही घेतली, आईला इंग्रजी वाचता येत नाही, लेक मदत करेल म्हणून. आपण दोघी त्या लाकडी आडोशात उभ्या राहिलो. दोरीला बांधलेली पेन्सिल तू माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "नेहमीचंच." मी दुसरीकडे खूण केली. समोरच्या पक्षासमोर. रागाने केली की मला खरंच तेच पटत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. तू कागद घेतलास, सावकाश घडी घातलीस, पेटीत टाकलास, आणि बाहेर आल्यावर मला म्हणालीस, थंडी आहे, बटणं लाव. पुढच्या हिवाळ्यात तू गेलीस. घर कौन्सिलचं, चावी त्यांना मीच परत केली, आणि त्यानंतर त्या गावात पाय ठेवला नाही.

टपाली मताचे लिफाफे आले तेव्हा भाई दोन्ही लिफाफे कुरिअरला द्यायला म्हणून मला घ्यायला आला. शारजाच्या वाटेवर नेहमीसारखा ट्रॅफिक, गाडी इंच इंच सरकत होती. मला राहवलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं, पेन्सिल, आडोसा, खूण, सगळं. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा त्याने गाडी थोडी पुढे घेतली.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "अम्माने त्याच आठवड्यात इथे फोन करून सांगितलं होतं."

"तिला इंग्रजी वाचता कुठे येत होतं?"

"चिन्ह तर ओळखता येत होतं. दर निवडणुकीला खिडकीत पक्षाचं पोस्टर कोण चिकटवायचं?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं, अम्मा. तू माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होतीस आणि तुला सगळं दिसत होतं. मी भाईला विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, "म्हणाली, बायने दुसरीकडे खूण केली. मी म्हटलं करू दे. मत माझं, पण या देशात राहायचं तिला आहे." मग तो थोडा हसला. "आणि राहिलो आपण दोघंही नाही."

"मला का नाही सांगितलंस इतकी वर्षं?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

मी रडले. त्याने टिश्यूचा डबा पुढे केला आणि रेडिओ लावला. थोड्या वेळाने त्याने लिफाफा मागितला, तर मी म्हटलं, माझा अजून भरायचा आहे, मी ऑफिसातून पाठवते. "इन्शाल्ला," तो म्हणाला. कोणाला देणार, ते त्याने विचारलं नाही. पुढच्या जुम्म्याला तो जेवायला आला.

लिफाफा मी दुसऱ्या दिवशी दुपारी भरला, ऑफिसात, बसेस गेल्यावर. नर्सबाईच्या पक्षासमोर खूण केली. तिला राज्य चालवता येणार नाही हे मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. सही केली, पाकीट चिकटवलं. कुरिअरवाल्याला बोलवायला फोन उचलला, आणि कळेना की ही खूण माझी आहे की बावीस वर्षांपूर्वीची भरपाई. उद्या बघू म्हटलं. असे आठ उद्या गेले, आणि मग पाठवून उपयोग राहिला नाही. भाईने विचारलं तेव्हा मी पाठवला म्हणून सांगितलं.

ती बाई हरली. देशभर हरली. आपल्या गावची जागा तेवढी पक्षाने राखली, अगदी थोडक्या मतांनी. लेक फोनवर रडली, मग म्हणाली, "अॅट लीस्ट अवर टाउन हेल्ड." भाई सुरमई घेऊन आला, आम्ही जेवलो, राजकारण कोणी काढलं नाही. महिन्याभराने लेकीचा पुन्हा फोन आला. निवडणूक झाली की कुणी कुणी मत दिलं याची यादी पक्षांना मिळते. कोणाला दिलं ते नसतं, फक्त दिलं की नाही एवढंच. ती तिथे बसून ती यादी कॉम्प्युटरवर चढवत होती. "मम, यू अँड मामू, बोथ मार्क्ड," ती आनंदाने म्हणाली. "युअर व्होट वॉज रिसीव्ह्ड." मी छान म्हटलं. मग ऑफिसातला खालचा ड्रॉवर उघडला. लिफाफा तिथेच होता, चिकटवलेला, माझ्या सहीसकट.

तिकडच्या कारकुनाने चुकीच्या ओळीवर खूण केली असेल. भाईला सांगितलं तर तो हेच म्हणेल, म्हणून सांगितलेलं नाही. लिफाफा मी उघडलेला नाही. आत कागद आहे का, ते उजेडात धरूनही बघितलेलं नाही. तुला इंग्रजी वाचता येत नव्हतं, मराठी चौथीपर्यंत येत होतं, म्हणून हे मराठीत लिहिलं. सावकाश वाचलंस तर सगळं लागेल. या पत्राच्या पाकिटावर आपल्या घराचा पत्ता आधीच घातलाय, तिकीटही लावलंय, पण ते पर्समध्येच ठेवीन. पाठवणार नाही. बंद घराचं टपाल परत येतं. पाठवलं आणि परत आलं तर ठीक, अम्मा. नाही आलं तर मी काय करू, ते मला कळत नाही.