डावा कप्पा

१२ जून १९६१
पोचले. सांगलीच्या उकाड्यातून आलेली मी, बंगलोरला उतरताच शाल पांघरली. राजाजीनगरात कृष्णाबाईंकडे खोली मिळाली. त्यांचं घराणं इथं तीनशे वर्षांपासूनचं. मराठीत निम्मं कन्नड. भाडेकरू कशाला, मला अक्का म्हण, सरी? म्हणाल्या. सरी म्हणजे बरं. उद्यापासून कारखान्याच्या नकाशाखात्यात ट्रेसरची, म्हणजे नकाशे गिरवून उतरवण्याची नोकरी. स्वतःची खोली, स्वतःचा पगार. आनंदात तीनदा कॉफी झाली.

१९ जून
नकाशाखातं दुसऱ्या मजल्यावर. जिने चढताना दम लागतो. छातीत काहीतरी फडफडतं, मग विसरल्यासारखं थांबतं.

२६ जून
डॉक्टर रघुपतींनी बराच वेळ नळी लावून ऐकलं. लहानपणीच्या सांधेतापानं हृदयाची झडप आवळली आहे. तिच्यामागचा वरचा डावा कप्पा फुगलाय. आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. रक्त तिथं साचतं, गोठतं. गुठळी सुटली तर कुठं जाईल, मी विचारलं. ते सांगता येत नाही, म्हणाले. वेल्लोरला शस्त्रक्रिया होते; पंधरा दिवसांत जागा मिळेल.

३ जुलै
वेल्लोरला कळवलं, ऑगस्टमध्ये येते. एक ऑगस्टला नोकरी कायम होईल. आजारी ट्रेसर कोण ठेवील? बाबांना सांगितलं नाही, ते परत नेतील. डॉक्टर रागावले नाहीत. थांबू नका, एवढंच दोनदा म्हणाले.
भीती वाटत नाही. काहीच वाटत नाही. डाव्या कुशीवर निजलं की ठोके ऐकू येतात. दोन. एक. मग बराच वेळ काही नाही.

११ जुलै
डावा पाय एकदम ठणकला, मग मेणासारखा पांढरा पडला. अक्कांनी गरम पाणी ओतलं. कातडी लाल झालेली दिसली. भाजलेलं कळलं नाही. तासाभरानं मुंग्या आल्या. अक्का म्हणाल्या, "अहल्ये, आत्ताच दवाखान्यात जाऊ या." मी म्हटलं, शनिवारी. नकाशा अर्धा आहे.

१३ जुलै
गुठळीचा एक तुकडा सुटला, पायात गेला. आत अजून किती—
ठोके मोजणं सोडलं.

१४ जुलै, सकाळ
डाव्या हातानं लिहितेय. उजवा मांडीवर पडलाय, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. अक्कांनी काय झालं विचारलं. सगळं समजलं. उत्तर दिलं. तोंडातून भलतंच— त्या मागं सरकल्या. मोटार आणायला धावल्या.

परत आल्या. रडतात. नाव विचारतात. माझं.
सोपं आहे. येतं मला. लिहून दाखवते—
माझं नाव