प्रॉडक्ट कट्ट्याला चुलीचं आवतण

मु. पहूर, ता. जामनेर
मार्गशीर्ष वद्य तृतीया

सोयऱ्यांत थोर आणि वयानेही (दीड महिन्याने का होईना) वडील असे आमचे व्याही श्री. रतिलालभाऊ, मुक्काम धुळे, यांना लोटननानाचा दोन्ही हात जोडून रामराम. आपली तब्येत, विहीणबाईंचा गुडघा आणि आपल्या अंगणातला तो एका बाजूला कललेला शेवगा, तिघेही धड उभे असतील अशी आशा आहे. आपल्या अहिराणीत विचारायचं तर, बठ्ठं बेस शे ना? इकडे आम्ही खुशाल आहोत. फोन न करता पत्र लिहितोय याचं नवल वाटून घेऊ नका. फोनवर मी जरा कुठे रंगात आलो की आपण 'बरं, ठेवू का?' म्हणता. कागदावर तसं म्हणायची सोय नाही.

गेल्या रविवारी आमच्या मळ्यात जे घडलं ते पाहून मी अजून पुरता जमिनीवर आलेलो नाही. लहानपणी कवितेच्या तासाला गुरुजी डोळे मिटून चाल धरायचे, अख्खा वर्ग त्यांच्यामागून म्हणू लागला की कौलांवरची कबुतरंसुद्धा गप्प व्हायची. अंगावर काटा यायचा, अर्थ मात्र कळायचा नाही. रविवारी तसंच झालं. अर्थ पुष्कळसा डोक्यावरून गेला, पण काटा आला तो अजून आहे.

आपली नात भाविका (आपली म्हणजे तुमची आणि माझी, नाक तुमचं, हट्ट माझा) प्रॉडक्ट मॅनेजर आहे, हे आपण धुळ्यात सगळ्यांना सांगता, आणि म्हणजे काय असं कोणी विचारलं की पाणी प्यायला उठता, असं ज्योत्स्ना सूनबाई सांगत होती. (मीही उठतो.) आता थोडं कळलंय. ही माणसं माल बनवत नाहीत, विकतही नाहीत. फोनमधली एखादी सोय कोणासाठी करायची, कशी करायची आणि मुळात करायची तरी का, हे ठरवतात. मग बनवणारे बनवतात, आणि फसलं तर बोलणी यांना बसतात. भरिताच्या जाळापाशी एखादी जाणती बाई कमरेवर हात ठेवून उभी असते ना? वांगी ती भाजत नाही, मिरच्या ती ठेचत नाही, पण तिने मान हलवल्याशिवाय पंगत बसत नाही. तसं हे खातं आहे.

तर भाविका जळगावच्या घरी वरच्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. दर रविवारी मळ्यात येते, माझ्या शेजारी बाजेवर बसते आणि मी तिला शाळेतल्या कविता चालीवर म्हणून दाखवतो. ती ऐकते. (निदान मान हलवते.) खरं सांगतो रतिलालभाऊ, या वयात माझ्या आठवड्यात तेवढा एकच वार उरला आहे, बाकीचे नुसते येतात आणि जातात. आणि तोही वार जायच्या बेतात होता. सूनबाईचं म्हणणं, पोरीच्या लाइनीचं इथे माणूस नाही, ती भिंतीशी किती बोलणार, तिने पुण्याला जावं. यावर भाविका भांडली नाही. तिने कट्टा काढला.

प्रॉडक्ट कट्टा. महिन्यातून एकदा जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर इकडची तिच्यासारखी मुलंमुली जमतात आणि एकमेकांना शिकवतात. मानधन नाही, फी नाही, वरून कोणाचा हुकूम नाही. पुण्यात अशांचा एक जुना, मोठा मेळा आहे. त्यांच्यातला एक जण येऊन पाहणार होता, आणि पसंत पडलं तर आपला कट्टा म्हणजे त्यांची खान्देश शाखा होणार होती. 'नाना, ही शाखा उभी राहिलीच पाहिजे,' भाविका म्हणाली. मी मनात लगेच ताडलं. शाखा इथे, म्हणजे तिच्या लाइनीची माणसं इथे, म्हणजे पोर इथे. म्हटलं, आपला मळा घे, भरीत माझ्याकडून.

आणि तिथे मी घोटाळा केला. येणाऱ्यांनी फोनवर खूण करायची होती, 'येणार', 'नाही' किंवा 'कदाचित'. निम्म्याहून जास्त मुलांनी 'कदाचित' केलं होतं. आवतणाला 'कदाचित' हे उत्तर मी जन्मात ऐकलं नव्हतं. मांडव रिकामा दिसला तर पुण्याचा माणूस काय म्हणेल? मी धुरपदाबाईला हाक मारली. (आमच्या गल्लीत आवतण सांगत फिरायचा मान तिचा. आपल्या लेकीच्या वरातीत आपल्याला जिने नाव घ्यायला लावलं होतं, तीच.) तिला म्हटलं, रविवारी मळ्यात भरीत आहे, गल्लीत चुलीला आवतण सांग. आता आपल्याकडे काय चाल आहे ठाऊक नाही, इकडे पानाचं आवतण म्हणजे घरटी एक माणूस, आणि चुलीचं म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, पाळण्यातल्यापासून काठीवाल्यापर्यंत सगळे येणार. धुरपदाबाईने विचारलं, 'नाना, कशाचं हाय पन?' मी सांगायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणालो, 'तू सांग तर खरं.' चुलीचं आवतण गावात सोयरीक ठरल्याशिवाय निघत नाही, ही पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट माझ्या ध्यानातूनच गेली. त्या वेळी मी एका स्वागतपद्याच्या तिसऱ्या कडव्यात अडकलो होतो.

रविवारी सकाळी मुलं आली. 'कदाचित'वालीसुद्धा आली! चिंचेखाली जाजम, फांदीला टांगलेला पांढरा फळा, आणि प्रत्येकाच्या छातीवर आपापल्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली. मी समई, नारळ, हार आणि हातांची खुर्ची अशी सगळी तयारी ठेवली होती. भाविका म्हणाली, 'नाना, खुर्ची कोणाला?'

'अध्यक्षांना.'

'अध्यक्ष नाहीत.'

'मग प्रमुख पाहुणे?'

'सगळेच पाहुणे. सगळेच यजमान.'

रतिलालभाऊ, आपण दोघांनी उभ्या हयातीत किती सभा बसून काढल्या! अध्यक्षांशिवाय सभा मी प्रथमच पाहिली, आणि आश्चर्य असं की ती वेळेवर सुरू झाली. स्वागताला मी उभा राहिलो आणि पद्य काढलं. तिसरं कडवं लागताच एका मुलीने टिंग करून घंटी वाजवली. इथे प्रत्येकाची वेळ ठरलेली. घंटी झाली की बसायचं, मग यजमानाचा आजा का असेना. बसताना अपमान वाटला. बसल्यावर वाटलं, ही घंटी आपल्या दोन्ही जिल्ह्यांना वेळेत मिळाली असती तर आपण किती पंगती गरम जेवलो असतो.

मग पुण्याचा मुलगा उठला. तेजस नाव. उंच, किरकोळ, डोळ्यांना चष्मा. म्हणाला, 'आज मी माझ्या हातून फसलेल्या कामाबद्दल बोलणार आहे.' मला वाटलं घरून काही खाऊन आला नसेल. पण तो शांतपणे सांगत गेला. शेतकऱ्यांसाठी म्हणून एक फार देखणी गोष्ट त्याने मोठ्या कष्टाने फोनमध्ये बनवून घेतली आणि ती एकानेही वापरली नाही, कारण बनवण्याआधी त्याने एकाही शेतकऱ्याला काही विचारलं नव्हतं. आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या! आमच्या शाळेत चुकणाऱ्याला बाकावर उभं करायचे. इथे चुकलेला आपणहून उभा राहिला होता आणि बाकीचे ते लिहून घेत होते. माझे डोळे भरून आले. पिकलेली केळी, हिवाळ्याचं ऊन, आणि आपली चूक गाण्यासारखी सांगणारं ते पोर. मनात म्हटलं, हा कवितेचाच तास आहे.

नेमक्या त्याच वेळी केळीच्या ओळींतून भागाबाई आली. (आमची शेजारीण, बांधाला बांध लागून.) तिच्या हातात ताट, ताटात हळदकुंकू, टॉवेल, टोपी आणि नारळ. मागे धुरपदाबाई, आणि तिच्या मागे आमची सबंध गल्ली, पंगतीच्या पाण्याला आपापला तांब्या घेऊन. भाषण करणारा तोच नवरदेव, हे ठरवायला त्यांना क्षण लागला नाही. तेजसच्या कपाळी कुंकू, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. मुलांना वाटलं, ही खान्देशची पाहुण्याला मान द्यायची रीत असावी. त्यांनी उभं राहून टाळ्या दिल्या आणि फोटो काढले.

'वाळेल हाय माय, पन नाकीडोळी नीटस हाय,' भागाबाईने सर्वांसमक्ष निकाल दिला.

धुरपदाबाईने विचारलं, 'शेती किती हाय, पावनं?'

तेजस प्रामाणिक. म्हणाला, 'शेती नाही, मावशी. गॅलरीत कुंड्या आहेत.'

'कुंड्या?' धुरपदाबाईने माझ्याकडे पाहिलं. 'नाना, काय पाहून देली तुम्ही पोरगी?'

मी केळीच्या एका घडाचं बारकाईने निरीक्षण करू लागलो. भाविका कानापर्यंत लाल झाली होती. पण ती पुढे आली आणि भागाबाईचा हात धरून म्हणाली, 'काकू, हा नवरदेव नाही. सोयरीक नाही. ही सगळी एकमेकांकडून शिकायला आली आहेत.'

'मंग मास्तर कोन?'

'सगळेच.'

'मंग मार कोन खातं?'

हसले सगळे, पण भागाबाई हसली नाही. तिने ताट उचललं. 'चुलीचं आवतण देलं, आन सोयरीक नाही. आमाले काय गंमत पाहाले बलावलं का, नाना?' बायांनी पदर सावरले, तांबे उचलले. गल्ली रुसून उपाशी परतणार आणि पुण्याचा माणूस ते उघड्या डोळ्यांनी पाहणार. गेली शाखा, गेला माझा रविवार! घाबरून मी कवितेचा आधार घेतला आणि मोठ्याने पद्य सुरू केलं. टिंग. या वेळी घंटी खुद्द भाविकाने वाजवली.

मग ती सगळ्यांना म्हणाली, 'आजचा पुढचा विषय फळ्यावर लिहिला आहे, ऐकणं. तो फळ्यावरून शिकायचं आता कारण नाही. काकू, तुम्ही बसा. यांना तुमच्याशी बोलायचंय, यांना ते नीट येत नाही.' एकेका मुलाने एकेका घरच्या माणसासमोर बसायचं. विचारायचं आणि ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, स्वतःचं घोडं दामटायचं नाही. जो सल्ला देईल त्याने उठून बडगीच्या लाकडी उखळात मुसळीने भरीत ठेचायला लागायचं.

काय सांगू! तेजसने बसल्याबसल्या सल्ला दिला आणि टॉवेल-टोपीसकट त्याची रवानगी बडगीकडे झाली. परत आला, पुन्हा दिला, पुन्हा गेला. त्या दिवशीचं भरीत इतकं मऊ होतं ते त्याच्याच कृपेने. मग तो शिकला. मुसळी बाजूला ठेवून भागाबाईसमोर मांडी घालून बसला आणि विचारलं, 'मावशी, फोन कशाला वापरता?' आणि गप्प राहिला. भागाबाईने ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, 'लेक शिरपूरले देली. ते फोन करते, तोंड दिसते तो फोन. म्या कानाले लावते. ते म्हनते, माय, मले तुहा कानच दिसते. म्या म्हनते, पाह्य मंग, तूच देल्ली फुलं हायेत कानात. मंग ते रडते. म्हनून म्या कानालेच लावते. तोंडाकडे पाहून बोलनं होत नाही आमचं.'

तेजसने काहीच सल्ला दिला नाही. चष्मा काढून टॉवेलला पुसला. मी बांधाला बांध लावून त्या बाईच्या शेजारी म्हातारा झालो, ऊस-केळी-पाऊस सगळं बोललो, पण हे मला ठाऊक नव्हतं. चिंचेखाली जिकडे पाहावं तिकडे एक बोलतंय आणि एक ऐकतंय, मध्ये कोणी बोलत नाही. मी सांगतो, देवळातसुद्धा अशी शांतता मी पाहिली नाही, तिथे घंटा असतात.

पुढे केळीच्या पानांवर पंगत बसली, पुरी, भरीत, कांद्याची पात, ठेचा. भागाबाईने तेजसला आग्रह करकरून वाढलं आणि 'नवरदेव नाही तं नाही, भाचा हाय' असं जाहीर करून टॉवेल-टोपी त्यालाच ठेवायला सांगितली. निकाल द्यायला अध्यक्ष नव्हतेच, तेव्हा तेजसने नुसतं विचारलं, 'शाखा करायची ना?' सगळे हात वर गेले. आमच्या गल्लीचेही गेले. कशासाठी ते न विचारता.

असं सगळं आक्रीत पाहून मी धन्य झालो. नव्या पिढीबद्दल मी आजवर जे काही बोललो असेन ते आपण ऐकलं नाही असं समजावं. विहीणबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला व्याही
लोटन

ता. क. खरं काम राहूनच गेलं. सूनबाई अजून पुण्यात खोली शोधतेय, असं कानावर आहे. सासऱ्याचं सून खाली मान घालून ऐकते आणि मान वर करून विसरते. ती आपली लेक, आपलं मोडणार नाही. एक फोन करा आणि म्हणा, पोरीचं इथे आता छान बस्तान बसलं, खोलीचं राहू दे. माझं नाव घेऊ नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आत भाविका आली. म्हटलं, एवढं पाहिलं, तर तिलाच एकदा विचारावं. 'तुला काय हवंय गं?' म्हणालो आणि ओठ मिटून बसलो. फार जड गेलं. ती शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, 'नाना, मला जायचंय. आई म्हणते म्हणून नाही, माझंच पहिल्यापासून आहे. म्हणून तर शाखेची घाई केली. मी गेल्यावर इथल्या पोरांचं अडायला नको.' मी सल्ला दिला नाही. कविताही म्हटली नाही. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. उलट सूनबाईला सांगा, खोली उजेडाची बघ म्हणावं.

ता. क. तिसरा. तरीपण आपण एकदा भाविकाला विचारून पाहाच. ऐकणारा मी एकटाच होतो, आणि माझा डावा कान हल्ली भरवशाचा राहिलेला नाही.