तरंगती जमीन

रविवार

पोहोचलो एकदाचे. आधी बस, मग जीप आणि शेवटी उंच लव्हाळ्यातून वाट काढत आलेली मोटरबोट. माझी कंबर पार कामातून गेली, पण ह्यांचा उत्साह तसूभरही कमी नाही. निवृत्त झाले त्या दिवशी लेकीने कॅमेरा दिला आणि तेव्हापासून आमच्या घरात माणसांपेक्षा पक्ष्यांची चौकशी जास्त होते. ह्या पाणथळ उद्यानात राहायला एकच विश्रामगृह आहे. दोन खोल्या, सिमेंटची थंडगार फरशी, मच्छरदाण्या आणि एक ऐसपैस व्हरांडा. समोर नजर पोहोचेल तिथवर पाणी आणि कमळं. वाटाड्या आणि त्याची बायको, दोघंच इथे राहतात. तो पक्षी दाखवतो, ती रांधते. मोटरबोट आम्हाला सोडून परत गेली, आता पुढच्या रविवारी येईल. फोनला रेंज नाही. म्हणजे आठवडाभर नवरा माझ्या एकटीचा, असं मी म्हटलं, तर हे लेन्स पुसता पुसता नुसतं हं म्हणाले.

सोमवार

दिवसभर होडीतून भटकलो. वाटाड्या मोठा गमतीचा माणूस आहे. पक्षी उडून जातील म्हणून कुजबुजायची इतकी सवय झालीय की जेवताना मीठसुद्धा कुजबुजत मागतो. उद्या तो आम्हाला तरंगत्या जमिनीवर नेणार आहे. तिथे पाण्यावर गवताच्या मुळांचा जाड थर साचलाय, त्यावर चालता येतं म्हणे. अट एकच, पाय सतत हलते ठेवायचे. मी म्हटलं, त्याची काळजी नको, कपड्यांच्या दुकानात हे कधी एका जागी उभे राहिलेले नाहीत.

मंगळवार

ओल्या गादीवर चालावं तशी ती जमीन. प्रत्येक पावलाला डुलते. मला मजा वाटत होती. मग एक मोठा काळा करकोचा अगदी समोर उतरला. वाटाड्याने वर्षानुवर्षांत पाहिला नव्हता म्हणे. स्वतःचे पाय सवयीने हलते ठेवतच त्याने पटकन हात वर केला आणि ह्यांना कुजबुजला, "हलू नका."

हे पुतळ्यासारखे उभे राहिले. मी मात्र मागे डास मारत इकडून तिकडे नाचत होते. करकोचा उडाला तेव्हा वाटाड्याने वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हे घोट्यापर्यंत रुतले होते. आम्ही दोघांनी ओढून काढलं, बूट तिथेच राहिले. हे आपले फोटो दाखवण्यात दंग. वाटाड्या परत येताना सारखा ह्यांच्या पायांकडे बघत होता.

बुधवार

सकाळी ह्यांच्या पलंगाचे पाय फरशीत रुतलेले दिसले. मला वाटलं ओल धरली असेल. मग दाढी करायला हे उभे राहिले होते तिथे दोन पावलं उमटली आणि त्यात पाणी भरलं. सिमेंटमध्ये. मी मुद्दाम तिथेच बराच वेळ उभी राहिले. माझी उमटली नाहीत.

वाटाड्याला दाखवलं. तो मटकन खालीच बसला. "चूक माझीये, ताई. पक्षी दिसला की तोंडातून आपोआप निघतं," म्हणाला. "तिथली जमीन थांबलेल्याला आपलं मानते. मग तो जाईल तिथे मागे येते."

हे हसले. मला हसता आलं नाही.

गुरुवार

लगेच निघायचं ठरवलं. पण हे होडीत बसले मात्र, होडी काठापर्यंत पाण्यात गेली. ह्यांना कसंबसं ओढून वर घेतलं. वाटाड्या एकटाच होडी वल्हवत मोटरबोट आणायला गेलाय, परत यायला शनिवार उजाडेल. तिच्या डेकवर चालत राहता येईल आणि उद्यानाची हद्द ओलांडली की जमीन माणसाला सोडते, असं त्याची बायको म्हणाली. तोवर ह्यांनी थांबायचं नाही. खुर्चीवर टेकले तर चहा निवायच्या आत खुर्ची रुतायला लागते. जेवणही चालता चालता. मी शेजारून चालत घास भरवते. एवढे लाड आयुष्यात केले नव्हतेस, असं म्हणून हे मला हसवायला बघतात. मला रडू येतं.

शुक्रवार

झोप नाही. हे भिंत धरून चालतात, दुसऱ्या बाजूने मी. डुलकी लागली की पाऊल थांबतं आणि फरशी — आता लगेच. आज एकदा गुडघ्यापर्यंत गेले. वाटाड्याच्या बायकोच्या आणि माझ्या नाकी नऊ आले ओढताना. पाय बर्फासारखे. मी लिहिते कारण नाहीतर किंचाळेन, आणि ते ऐकून हे थांबतील. हे नसतील तर मी —

नको.

शनिवार, सकाळ

हे व्हरांड्यात फेऱ्या घालतायत. मी पायरीवर, त्यांच्याकडे डोळे लावून. जागं ठेवायला जुनी भांडणं काढते. हे नुसती मान — मघाशी मला म्हणाले, दमलो गं.

शनिवार

मोटरचा आवाज. खरंच. लव्हाळं हलतंय — बोट! वाटाड्या पुढे उभा राहून हात हलवतोय. ह्यांनी पाहिलं. कालपासून पहिल्यांदा हसले. चला, मी म्हणतेय, चालत राहा, अहो थांबू नका — हे हात हलवायला उभे रा